पाचवी सवाष्ण

तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीच्या देवळामागच्या गल्लीत कृष्णवेणीबाईंना सगळे ‘कणक्कु टीचर’ म्हणत. कणक्कु म्हणजे गणित. मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं बाईंनी गणित शिकवलं, आणि त्या पंचवीस वर्षांत एकही मुलगी त्यांच्यापुढं खोटं बोलून सुटली नाही. ‘वही घरी राहिली’ असं कुणी म्हटलं, की बाई चष्म्यावरून नुसत्या बघायच्या. पोरगी आपणहून रडायला लागायची. अशी करारी बाई! आणि ह्याच बाईनं एकोणीसशे साठ सालच्या श्रावणात, राहत्या घराच्या उंबऱ्यावर, चार माणसांदेखत एका शब्दाचं खोटं बोलावं? ‘हौ.’ म्हणजे होय. बस्स, एवढंच बोलली ती. पण त्या एका शब्दाची लाज तिला मरेपर्यंत पुरली.

घराणं तंजावरकडचं. कधीकाळी राजांच्या मागोमाग महाराष्ट्रातून खाली उतरलेलं. घरात मराठी बोलत, पण ती अशी की पुण्याच्या माणसानं कान टवकारून ऐकावं आणि तरी निम्मंच कळावं. उंबऱ्याबाहेर तमिळ. कृष्णवेणीचं नवव्या वर्षी लग्न झालं आणि अकराव्या वर्षी नवरा गेला. त्याचा चेहरासुद्धा तिला आठवत नव्हता. थोरला भाऊ सेतुमाधव, म्हणजे अण्णा, त्यानं लोकांची बोलणी खाऊन तिला शिकवलं, मास्तरीण केलं आणि आपल्या घरात ठेवून घेतलं. हे उपकार तिनं कधी विसरायचे नव्हते, आणि अण्णाची बायको त्रिपुरसुंदरी, सुंदरीवैनी, तिला ते विसरू देणारीही नव्हती.

धाकटा राघोत्तम मात्र कृष्णवेणीनं कडेवर खेळवलेला. तो अडतीस साली मलायात रबराच्या मळ्यावर कारकून म्हणून गेला. अण्णा तेव्हा भडकला होता. समुद्र ओलांडलेल्या माणसाला मठातल्या पंगतीत घेत नसत, आणि हा तर चार वर्षांसाठी निघालेला! चाराची बावीस झाली. मध्ये लढाई झाली, जपानी आले, पत्रं बंद पडली. लढाई संपल्यावर पहिलं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, ‘माझं लग्न झालं. मुलीचं नाव अंबुजा. कुंभकोणमकडच्या एका कारकुनाच्या घरात वाढलेली आहे. वळण आपल्यासारखंच.’ फोटो नव्हता. कृष्णवेणीनं, म्हणजे त्याच्या अक्कानं, दहा पत्रांत फोटो मागितला, त्यानं दहा पत्रांत काही ना काही सबब सांगितली. कधी कॅमेरावाला आजारी, कधी पाऊस.

पण त्याची मुलगी, गोदा! ती आठ वर्षांची झाल्यापासून आत्याला स्वतः पत्र लिहायची. बापानं शिकवलेली वाकडीतिकडी मराठी अक्षरं. आत्या उत्तरात खुशाली लिहायची आणि खाली पाच गणितं घालायची. पोरगी ती सोडवून पाठवायची, आणि वर लिहायची, ‘चौथं फार सोपं होतं आत्या, असं देऊ नको.’ कृष्णवेणीच्या ओसाड आयुष्यात दर महिन्याला येणारं ते पाकीट म्हणजे सण होता. आता गोदा पंधरा वर्षांची होती. पुढल्या जूनला ती मद्रासला कॉलेजात येणार, आत्याच्या खोलीत राहणार, असं ठरत आलं होतं. कृष्णवेणीनं कपाटातला एक खण तिच्यासाठी आधीच मोकळा करून ठेवला होता.

त्याआधी पोरीची आई घर बघून जाणार होती. राघोत्तमला रजा मिळेना. ‘अंबुजा एकटीच येते आहे,’ असं पत्र आलं. सुंदरीवैनीनं गालाला हात लावला. ‘अय्यो! बाईमाणूस एकटी, जहाजात, सात दिवस?’ पण मनातून सगळ्यांना अप्रूप होतं. गल्लीत चार घरी सांगून झालं.

जहाज बुधवारी सकाळी लागलं. कृष्णवेणी शाळेतून रजा काढून बंदरावर गेली. उतरणाऱ्या माणसांत ती नऊवारी नेसलेली, कुंभकोणमकडच्या तोंडवळ्याची एक बाई शोधत होती. नऊवारी सापडली. नेसण अगदी आपलं, काष्टा चोख, कपाळावर कुंकू, गळ्यात ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, पायात जोडवी. पण तोंड चिनी. डोळे बारीक, गाल रुंद, रंग पिवळसर गोरा. ती बाई थेट कृष्णवेणीकडे आली, पेटी खाली ठेवली आणि वाकून पायावर डोकं ठेवलं.

‘अक्का, मी अंबुजा,’ ती मराठीत म्हणाली. तीच तंजावरी मराठी, तेच हेल.

आशीर्वाद तोंडात यायला पाहिजे होता. आला नाही. कृष्णवेणी एक पाऊल मागं सरली. हे तिनं नंतर शंभर वेळा आठवलं, की मी आधी मागं सरले आणि मग तिला उठवलं.

बंदरापासून घरापर्यंत जटक्यानं अर्धा तास. घोडा बापडा आपल्या चालीनं चालला होता. अंबुजा पेटी मांडीशी धरून बसली होती. जरा वेळानं तिनंच विचारलं, ‘यांनी लिहिलं नव्हतं का, अक्का?’

‘नाही.’

‘मला म्हणाले होते, सगळं लिहिलंय.’ ती खाली बघत म्हणाली. मग तिनं स्वतःच सांगितलं. आई चिनी, मळ्याशेजारच्या खाणीत राबणारी. घरात आधीच चार मुली, त्यात ही पाचवी. त्या मुलखात अशा मुली तमिळ घरांत देऊन टाकत. तंजावरी मराठी बोलणाऱ्या त्या कारकुनाच्या बायकोला मूल नव्हतं, तिनं ही तीन दिवसांची पोर पदराखाली घेतली, कोलम, म्हणजे दारातली रांगोळी, काढायला शिकवलं, स्तोत्रं शिकवली. ‘चिनी भाषेतला एक शब्द मला येत नाही, अक्का. आरशात बघितलं नाही तर मला आठवतसुद्धा नाही.’ आणि ती हसली. चांगलं मोकळं हसू होतं तिचं. त्याच हसण्याची गोदा असणार, असं कृष्णवेणीच्या मनात आलं.

तिनं काहीतरी बोलायला हवं होतं की नको? पण तिची पाचावर धारण बसली होती. डोळ्यापुढं सुंदरीवैनी आरतीचं तबक घेऊन उभी. अण्णा ओट्यावर. शेजारच्या दोन बायका हौसेनं बोलावलेल्या. आणि अण्णाची मुलगी चंद्रिका, जिचं मैलापूरच्या एका घरी जमत आलेलं. मठातले, कडक लोक. ह्यांच्या कानावर गेलं की सुनेला चिनी काकू आहे, तर ते उंबऱ्यावरूनच परत फिरतील. मग अण्णा म्हणेल, तुझ्या लाडक्या भावानं माझ्या मुलीचं वाटोळं केलं. आणि त्याच घरात तुला भात मिळतो, कृष्णवेणी. असला विचार करता करता गल्ली आली.

जटका थांबला. कृष्णवेणी उतरली, मागून अंबुजा पेटी घेऊन उतरली. सुंदरीवैनीनं तबक सावरलं आणि अंबुजाच्या खांद्यावरून जटक्यात डोकावलं. जटका रिकामा.

‘अंबुजा कोठं? आणि ही कोण? आया का?’

बघा हं, विचारणारीनं उत्तरसुद्धा तयार करून दिलं होतं. कृष्णवेणीला खोटं रचावंही लागलं नाही. नुसतं उचलायचं होतं.

‘हौ,’ ती म्हणाली.

आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर पुढचं भराभर आलं. अंबुजाला जहाज सुटायच्या दिवशी ताप भरला. तिकीट वाया जाऊ नये म्हणून आयेला पाठवली, सामान घेऊन. मुलींना शिकवलेलं गणित असावं इतक्या स्वच्छ आवाजात तिनं हे सांगितलं. अंबुजा शेजारीच उभी होती, शब्दन् शब्द समजत होता तिला. कृष्णवेणीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, की अंबुजानं हळूच गळ्यातली ताली उचलली आणि चोळीच्या आत सारली.

सुंदरीवैनीनं आरतीचं तबक आत नेलं. ‘तिला बाजूच्या बोळातून परसात जायला सांग,’ ती जाता जाता म्हणाली.

अण्णाला तर धन्य वाटलं. ‘राघोत्तमाचा थाट पाहिलास? चिनी आया ठेवलीय लेकानं!’ संध्याकाळपर्यंत ओट्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला त्यानं ते सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला धाकट्या भावाचा अभिमान वाटला, तो हा असा.

परसात शेवग्याच्या झाडाखाली एक पत्र्याची पडवी होती. तिथं अंबुजाची पेटी ठेवली. तिचं पान तिथंच वाढलं जाई. ती घासायला घेईल त्या भांड्यांवर सुंदरीवैनी पुन्हा पाणी ओतून ती आत घेई. अंबुजा ज्या पायरीवर बसे तिथं मागाहून शेणाचा सडा पडे. पहिल्याच दिवशी अंबुजानं विहिरीपुढची जागा झाडून असा कोलम काढला की वैनी सुद्धा पाहत राहिली. ‘नेसण काय, कोलम काय, शिकवलंय हो चांगलं राघोत्तमाच्या बायकोनं,’ म्हणाली.

आणि कृष्णवेणी? तिला ती पडवी ठाऊक होती. अकरा वर्षांची असताना, नवरा गेल्यावर, आईच्या घरी श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्णी जेवायला बसल्या, तेव्हा तिला असंच परसात बसवलं होतं. आतून हसण्याचे आवाज येत होते आणि पुरणाचा वास. आपण काय केलं म्हणून आपल्याला बाहेर ठेवलं, हे त्या पोरीला कळत नव्हतं. असा घास स्वतः गिळलेला असूनही तिनं तो दुसरीच्या पानात वाढला. माणसाला आपलं दुःख आठवलं की तो शहाणा होतो म्हणतात. कुठला होतो!

अंबुजाचं जहाज पुढल्या आठवड्यात शनिवारी सुटणार होतं. मधल्या दिवसांत कृष्णवेणी तिला शहर दाखवायला नेऊ लागली. ‘एवढ्या लांबून आलीय बिचारी, बघू दे,’ असं घरी सांगून. खरं म्हणजे घरात तिच्या डोळ्याला डोळा देणं जमत नव्हतं.

अंबुजाला शहराचं केवढं वेड! ती मळ्यावर वाढलेली, दोन रस्त्यांचं गाव, एक सिनेमा. मद्रास तिनं फक्त नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ते बावीस वर्षांपूर्वीचं मद्रास. ‘ट्राम कुठाय?’ तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. ट्राम बंद होऊन सात वर्षं झाली होती. माउंट रोडवरची चौदा मजल्यांची नवी इमारत बघताना तिनं मान इतकी मागं टाकली की पदर पडला. मजले मोजले, चुकली, पुन्हा मोजले. मूर मार्केटात तिनं गोदासाठी बीजगणिताचं जुनं पुस्तक घेतलं. मैलापूरला कपालीच्या देवळाच्या तळ्याकाठी बसून दोघींनी भाजलेले शेंगदाणे खाल्ले. एका हॉटेलात कृष्णवेणीनं तिच्या समोर बसून, तिच्या हातची अर्धी इडली घेऊन खाल्ली. तिथं सोवळं आठवलं नाही बरं का! ओळखीचं कुणी नसलं की बाई मोठी धीट.

बसमध्ये दोघी शेजारी बसत. अंबुजा गोदाच्या गोष्टी सांगे. गोदा झोपेत पाढे म्हणते. गोदानं वर्गातल्या मुलाला पाटी मारली. गोदा म्हणते, आत्याच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून ये. कृष्णवेणी हसता हसता डोळे पुसायची. तिला अंबुजा आवडायला लागली होती, हीच तर पंचाईत होती. घराची गल्ली जवळ आली की अंबुजा आपणहून दोन पावलं मागं पडायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. कृष्णवेणीनंही कधी म्हटलं नाही की, चल, शेजारून चाल.

सोमवारी संध्याकाळी त्या समुद्रावर गेल्या. वाळूत माणसं बसली होती, खांबावरच्या कर्ण्यातून रेडिओ चालू होता. अंबुजा पाण्याकडे बघत म्हणाली, ‘अक्का, शुक्रवारी सवाष्णी जेवणार ना घरी?’

‘हौ. पाच.’

‘यांनी सांगितलंय मला. घरची नवी सून श्रावणातल्या शुक्रवारी देवीपुढं सवाष्ण म्हणून बसली, की ती त्या घराची झाली. मग तिला कुणी काही म्हणू शकत नाही. तिच्या मुलांनाही नाही.’ ती कृष्णवेणीकडे वळली. ‘मी तारीख बघून आलेय, अक्का. सोळा वर्षांची सून आहे, नवी कसली! पण बसायचं राहिलंय.’

कृष्णवेणी वाळूत बोटानं रेघा ओढू लागली.

‘तुम्ही घाबरलात त्या दिवशी,’ अंबुजा म्हणाली. ‘मी रागावले नाही. हेसुद्धा घाबरट आहेत, सोळा वर्षं एक फोटो पाठवू शकले नाहीत. मला घाबरट माणसांची सवय आहे. पण गोदा यायची आहे ना तुमच्याकडे? तिचा तोंडवळा माझाच आहे. शुक्रवारपर्यंत सांगा घरात. सांगाल?’

‘सांगते,’ कृष्णवेणी म्हणाली. ‘गोदाची शपथ, सांगते.’

मंगळवारी सकाळी अण्णा पेपर वाचत होता. ती काप्पी घेऊन गेली, समोर उभी राहिली. अण्णानं चष्मा वर केला. ‘काय ग?’ ‘काप्पीत साखर बरोबर आहे का?’ तिनं विचारलं आणि परत फिरली. बुधवारी मैलापूरची माणसं येऊन गेली, चंद्रिका पसंत पडली, घरात साखर वाटली गेली. आता कसं सांगायचं? आनंदात विरजण कसं घालायचं? सबब मिळाली म्हणून तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की ती न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. गुरुवारी ती वैनीजवळ बसून नारळ खवत होती. ‘वैनी, एक सांगायचंय.’ ‘सांग की.’ ‘अंबुजा...’ ‘बरी आहे ना? तार आली का?’ ‘नाही. बरी आहे,’ कृष्णवेणी म्हणाली आणि नारळ खवत राहिली. वर्गात चाळीस मुलींना धाकात ठेवणारी ती बाई, घरात चार वाक्यं बोलू शकेना.

पडवीत अंबुजा रोज संध्याकाळी तिच्या तोंडाकडे बघायची. विचारायची नाही, नुसती बघायची. गुरुवारी तिनं बघणं सोडून दिलं.

शुक्रवार उजाडला. देवघरापुढं पाच पाट मांडले, पाच केळीची पानं, पाच खण, पाच ओट्या. कृष्णवेणी विधवा, तिनं त्या ठिकाणी फिरायचं नाही. ती स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होती. साडेअकरापर्यंत चार सवाष्णी येऊन बसल्या. पाचवी, कोपऱ्यावरच्या घरातली, येईना. मग तिच्या सासूचा निरोप आला. सून सकाळीच दूर बसली, महिन्याची अडचण, येऊ शकत नाही.

सुंदरीवैनीचा जीव खालीवर झाला. ‘आता ऐनवेळी पाचवी कोठून आणू? चारांवर कसं वाढायचं? देवीला काय तोंड दाखवू?’ पुरण निवत चाललं होतं. चार बायका पानांपुढं हात बांधून बसल्या होत्या. पाचवं पान हिरवंगार, धुतलेलं, रिकामं. आणि मागच्या दाराबाहेर, दहा हातांवर, घरची सून भांडी घासत होती.

कृष्णवेणीला काय झालं कोण जाणे. ती दारातून पुढं झाली, जिथं जायचं नव्हतं तिथं, पानांच्या रांगेपर्यंत गेली.

‘पाचवी घरात आहे,’ ती म्हणाली. ‘ती आया नाही. ती अंबुजा आहे. राघोत्तमाची बायको. मी खोटं बोलले. पहिल्या दिवसापासून खोटं बोलले. तिला आत बोलवा, वैनी.’

अण्णा ओट्यावरून उठून आत आला. चौघी बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुंदरीवैनीचं तोंड उघडं ते उघडंच. भांड्यांचा आवाज थांबला होता. मागच्या दारात अंबुजा येऊन उभी राहिली, हातांना राख लागलेली. तिनं सगळं ऐकलं होतं.

कृष्णवेणी तिच्याकडे बघत होती. आता सांग, आता ताली बाहेर काढ, ये, बस. सगळं तोंडावर दिसत होतं तिच्या.

अंबुजानं पानाकडे पाहिलं. मग ती तमिळमध्ये, अगदी नोकरमाणसाच्या आवाजात म्हणाली, ‘अम्मा, अक्का उन्हातान्हात माझ्यासाठी फार फिरल्या. मन मोठं आहे त्यांचं, म्हणून असं बोलतात. मी आयाच आहे. माझी मालकीण मलायात आहे.’

सुंदरीवैनीचा श्वास सुटलेला सगळ्यांना ऐकू आला. ‘अग्गो बाई!’ ती छातीवर हात ठेवून हसली. ‘केवढ्यांदा घाबरवलंस, कृष्णवेणी! ऊन लागलं हिला.’ बायकाही हसल्या. कुणीतरी समोरच्या घरातली नवी नवरी बोलावून आणली. ती पाचव्या पानावर बसली. जेवणं झाली.

कृष्णवेणी परसात गेली तेव्हा अंबुजा भांडी पालथी घालत होती.

‘का?’ कृष्णवेणी तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. ‘मी सांगितलं होतं ग! सगळ्यांसमोर सांगितलं!’

‘सांगितलंत,’ अंबुजा म्हणाली. आता ती मराठीत बोलत होती. ‘ह्यांनी सोळा वर्षांत सांगितलं नाही, ते तुम्ही सांगितलंत. मी विसरणार नाही ते. पण अक्का, तुम्ही मंगळवारी सांगितलं असतंत तर मी बसले असते. बुधवारी सांगितलं असतंत तरी बसले असते, मग घरातल्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी. आज एक पान रिकामं पडलं म्हणून मी आठवले.’

‘तसं नाही ग...’

‘नसेल. पण मी बसले असते, तर मला गोदाला इथं पाठवावं लागलं असतं.’ तिनं हात धुतले, पदराला पुसले. ‘ती माझ्यासारखी नाही. तिला पडवीत जेवायची सवय नाही. उद्या तिला कुणी विचारलं, तुझी आई कोण, की ती ओरडून सांगेल. मग तुम्ही तिला गप्प बसवाल. मारून नव्हे, प्रेमानंच गप्प बसवाल. आणि तुमच्यावर तिचा जीव आहे, म्हणून ती गप्प बसेल. ते मला बघवणार नाही.’

कृष्णवेणीनं तिचे पाय धरले. अंबुजानं तिला उठवलं, डोळे पुसले, जवळ घेतलं. थोरल्या नणंदेला धाकट्या भावजयीनं घ्यावं तसं नाही. आजारी मुलाला घ्यावं तसं.

शनिवारी ती गेली. बंदरावर तिनं वाकून नमस्कार केला, आणि ह्या वेळी कृष्णवेणी मागं सरली नाही. पण आता त्याचं काय!

गोदा पेनांगला शिकली. पत्रं येत राहिली, पण दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. पुढल्या वर्षी राघोत्तमानं न मागता फोटो पाठवला, तिघांचा. अण्णानं तो बराच वेळ हातात धरला, सुंदरीवैनीनं पदरानं पुसून पुन्हा पाहिला. मग तो पंचांगात ठेवला गेला आणि त्याविषयी त्या घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. चंद्रिकेचं लग्न मैलापूरला थाटात झालं.

कृष्णवेणी मात्र बदलली. गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं, शाळेत नवी मास्तरीण आली, बसमध्ये शेजारी कुणी बसलं, आणि बोलता बोलता विचारलं की तुमचं कोण कोण असतं, की ती सांगायला लागे. कुणी अडवलं तरी थांबत नसे. सुंदरीवैनी डोळे वटारी, अण्णा खाकरे, तिला पर्वा नसे.

‘मलायात धाकटा भाऊ आहे माझा,’ ती म्हणे. ‘भावजय चिनी आहे, अंबुजा नाव तिचं. मराठी बोलते, तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं. एकदा एकटी आली होती, सात दिवस जहाजात बसून, आमचं घर बघायला. आम्ही तिला दहा दिवस परसात जेवायला घातलं.’

ऐकणारा कानकोंडा व्हायचा. ‘जुनी माणसं,’ कुणी म्हणायचं, ‘घरातल्या मोठ्यांपुढं तुमचं काय चालणार?’

‘मोठ्यांना ठाऊकच नव्हतं,’ कृष्णवेणी म्हणे. ‘ठाऊक फक्त मला होतं.’